आय, परगणा सफक

शनिवारी तीननंतर देवळात फक्त मी, पारवे
आणि सत्तावीस पितळी पाट्या.
चिंच कोळायची, वर चिमूटभर मीठ,
जुन्या चादरीचा बोळा.
उजगरेकाका म्हणतात, डब्यातलं पॉलिश आण, पैसे देतो.
पण त्यानं अक्षरं झिजतात.
मेलेल्यांची अक्षरं, ती बेतानंच आंबवावीत.

कॅम्पातलं हे देऊळ पलटणीचं.
भिंतभर साहेब: कुणी घोड्यावरून पडला,
कुणी पटकीनं, कुणी नुसताच 'अचानक',
एक मडमीण आणि तिची तीन पोरं, एकाच जुलैत.
नावाखाली गाव, गावाखाली परगणा,
आपल्याकडे मुक्काम, पोस्ट, तालुका असतं तसं.

बारावी पाटी बाकामागं, खाली.
गुडघे टेकल्याशिवाय पुसता येत नाही.
बिगुलवाला जोसेफ, वय एकोणीस.
दहा वर्षं पुसली, वाचली नव्हती.
काकांनी चष्मा कपाळावर चढवून वाचून दाखवली:
ई, वाय, ई. आय.
आय?
आय. म्हणजे डोळा. बाजाराचं गाव होतं म्हणे.
मी हसले.
मग आठवलं, ज्या शहरात पासोड्या विठोबा,
जिलब्या मारुती आणि सोट्या म्हसोबा,
त्या शहरानं कुणाच्या गावाला काय हसायचं.

डोळा त्यांचा. मला ऐकू आली ती आय.

आम्ही नेवाशाकडचे. आई म्हणायला
कॅम्पातल्या शाळेत शिकलो, छडी खाऊन.
त्याआधी आय होती.
घोडेगावच्या बाजारात अंडी विकायची,
मग शिवाजी मार्केटात, एकतीस वर्षं,
कोंबड्यांच्या खुराड्यांना पाठ लावून.
अंडं उजेडाला धरून सांगायची,
ह्यात जीव आहे, ह्यात नाही.
मार्केटाला मनोरा, देवळाला मनोरा.
लहानपणी मला दोन्ही देवळंच वाटायची:
एकात अंडी मोजतात,
एकात पापं,
आणि दोन्हीकडं शेवटी पिशवी पुढं करतात.

गेल्या नाताळाआधी एक म्हातारी मॅडम आली,
दोन पायांत दोन रंगांचे मोजे.
जोसेफच्या गावची. त्याच्या बहिणीच्या पणतीची कुणीतरी.
तिनं फोनवर गाव दाखवलं:
गारगोट्यांनी मढवलेला उंच मनोरा,
त्याच्या पायथ्याशी उतरती आळी,
एक मासेवाल्याची गाडी, फ्लॉवरचे दोन क्रेट,
क्रेटला बांधलेलं कंटाळलेलं कुत्रं.
बाजार कुठल्या वारी? मी काकांकरवी विचारलं.
तिनं हात हलवला. पूर्वी भरायचा.
आता तिथं मोटारी लावतात.
पुण्याच्या माणसाला हे समजवावं लागत नाही.

तिनं पाटीवर कागद धरला,
पेन्सिल आडवी करून घासायला लागली.
पाटी माझ्या चिंचेनं ओली.
कागद फाटला, बरोबर एकोणीसच्या जागी.
सॉरी, म्हणाली ती. सॉरी, म्हणाले मी.
दोघी एकाच बोळ्याला हात घालून
जोसेफला कोरडं करत बसलो.

आयला पाटी नाही.
शंकरशेट रोडला भिंतीकडेला लाकडी क्रूस होता,
वाळवीनं आडवं लाकूड आधी खाल्लं,
उभं अजून आहे, त्याला कुणीतरी सायकल टेकवतं.
पितळेचा भाव मी एकदा बोहरी आळीत विचारून आले.
किलोवर सांगतात. नावाचे वेगळे.

दुसरा कागद नीट उतरला.
काळ्यातून पांढरी अक्षरं वर आली, भाकरीचा पापुद्रा सुटतो तशी.
घडी घालता घालता तिनं मला विचारलं,
तुझं गाव कुठलं?
एवढं इंग्रजी मला येतं.
मी म्हणाले, आय.
तिनं मान डोलावली.
तिला वाटलं, मी पाटी वाचतेय.

तेवढ्यात तेराव्या पाटीवर चिंच वाळून गेली,
हिरवट डाग धरला तिनं.
अजून पुरता निघालेला नाही.